पाच हात, पाच मुठी

माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी लिंबाजीतात्यांनी मांडव मोजला होता. नवरीकडचे पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, बँडवाले घाम पुसत उभे, भटजी सारखे घड्याळाकडे बघतायत, आणि हा माणूस धोतराचा सोगा खोचून मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक काठी टाकत चाललाय. टोकाला पोचल्यावर त्यांनी मांडववाल्याला हाक मारली. "बारा काठ्या ठरला व्हता. भरला अकरा काठ्या आन् दोन हात. बाकीचा गेला कुठं?"

मांडववाला म्हणाला, "आवो तात्या, सावली पडतीय ना समद्यांवर?"

"सावली न्हाई ठरली. मांडव ठरलाय."

मुहूर्त टळायला चार मिनिटं राहिली होती. माझे सासरे अजूनही फोनवर कधीमधी त्या काठीची चौकशी करतात.

लिंबाजीतात्या नात्यानं माझे कुणी नाहीत. गेवराई तालुक्यात आमचं गाव, आणि गावाच्या उत्तरेला त्यांचं नि आमचं रान बांधाला बांध लागून. आता शेतकऱ्याला भाऊ वाईट मिळाला तर वाटणी करता येते, बांधाचा शेजारी कसा का असेना, तो जन्मभर सोसावा लागतो. मी बीडला शाळेत शिक्षक आहे. दर रविवारी मोटारसायकलवर रान बघायला गावाकडे येतो. तात्या मला 'गुरुजी' म्हणतात, आणि ते असं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यानं काहीतरी चोरलंय.

त्यांची काठी बांबूची, पाच हात आणि पाच मुठी लांब. म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे पाच हात, आणि वर पाच मुठी. जुन्या काळी जमीन अशाच काठीनं मोजायचे. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. पुढे एकर-गुंठे आले, मग हेक्टर-आर आले, आणि सगळ्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. तात्यांनी गुंठ्यापर्यंत कशीबशी तडजोड केली. हेक्टर त्यांच्या लेखी अजून आलेलाच नाही.

मी एकदा हौसेनं विचारलं, "तात्या, एक बिघा म्हणजे नेमके किती गुंठे?"

"कुणाच्या हाताचा बिघा?"

"म्हणजे?"

"हात कुणाचा व्हता? बुटक्याचा का उंचाड्याचा? मपली काठी मपल्या आज्याच्या हाताची. तुमच्या आज्याचा हात आखूड व्हता." एवढं बोलून ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मी हात खिशात घातला.

ही काठी घेऊन ते एसटीत चढायचे. गेवराईच्या स्टँडवर एका कंडक्टरनं त्यांना सांगितलं की एवढ्या लांब बांबूचं वेगळं तिकीट पडेल. तात्यांनी शांतपणे विचारलं, "मंग तिची सीट कोणती?" कंडक्टरनं हात जोडले. काठी मधल्या वाटेत आडवी पडून बीडपर्यंत आली आणि वाटेत चढलेले सगळे लोक तिला ओलांडून बसले.

संशय हा त्यांचा खरा जोडधंदा. टेपवर विश्वास नाही, कारण लोखंडी टेप उन्हात वाढतो. दोरीवर विश्वास नाही, कारण ती दवानं आखडते. ट्रॅक्टरवाल्यावर तर नाहीच नाही. ट्रॅक्टर बांधाजवळ वळला की हे आधीच तिथं उकिडवे बसलेले. "काय बे, फाळ तिरपा कावून केलास?" पोरगं शपथा घ्यायचं. तात्या शपथेकडे लक्ष न देता जमिनीवर वीत टाकायचे. पारूकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला एकदा म्हणाल्या, "गुरुजी, लगीन झालं तवा मला वाटलं, हे माझ्याकडं बघत्यात. ते लुगड्याचा पन्हा बघत व्हते."

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं, जोवर तो संशय आपल्यावर येत नाही. दरवर्षी पाडवा झाला, रानं मोकळी झाली की तात्या आमचा बांध मोजायचे. मी रविवारी गाडी लावून उतरतो न उतरतो तोच पलीकडून हाक यायची.

"गुरुजी, वरच्या अंगाला चार बोटं कमी भरतंय. गेली कुठं?"

"मला काय माहीत? मी आठवडाभर बीडला असतो."

"तेच म्हणतो म्या. तुमी बीडला, आन् बोटं बी गायब."

माझं डोकं फिरायचं. शाळेत चाळीस पोरांसमोर प्रामाणिकपणाचा धडा शिकवणारा माणूस मी, आणि इथं माझ्यावर चार बोटं मातीचा आळ! पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकायची. मी सहा दिवस बीडला, हे सात दिवस बांधावर. चोर चोर म्हणून ओरडणारा स्वतःच बांध कोरत नसेल कशावरून? एकदा तात्या बाजाराला गेल्याचं ऐकून मी पावलांनी रानाची रुंदी मोजायला घेतली. सदतीसाव्या पावलाला मागून आवाज आला.

"मोजा, मोजा. पर पायताण काढून मोजा. पायताणात बोटभर चोरी आसती."

ते बाजाराला गेलेच नव्हते. बाभळीमागं बसून होते, मी मोजतो का ते बघत. त्या दिवसापासून आमच्यात एक प्रकारची बरोबरी झाली. दोघांनाही दुसऱ्याची लायकी कळली.

त्यांच्या रानात आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे सगळ्या गावाला त्यांचा संशय यायचा. सलग रान त्यांचंच, सातबारा त्यांच्याच नावावर, तरी ओढ्याच्या अंगाला एक तुकडा त्यांनी मध्ये बांध घालून वेगळा ठेवला होता. दरसाल तो बांध नव्यानं चोपून नीट करायचे. पेरणीही वेगळी. माझ्या बांधावर भांडायला येण्याआधी ते सकाळी एकटेच तो मधला बांध मोजायचे. मी एकदा माणुसकी म्हणून विचारलं, "तात्या, दुसरं टोक धरू का?" तर म्हणाले, "तुमी लांबच ऱ्हावा." गावात बोललं जायचं की तिथं आज्यानं धन पुरलंय. मी शिकलेला माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी एकदोनदा जाता जाता तिकडं नजर टाकली, हे कबूल करतो.

यंदा पाडव्याच्या आधीच मला नोटीस आली. सरकारी मोजणीची. लिंबाजीतात्यांनी आपल्या गटाची मोजणी मागितली होती आणि लगतचा कब्जेदार म्हणून मी हजर राहावं, असं त्यात लिहिलं होतं. मी ती तीनदा वाचली. इतकी वर्षं तोंडी चाललेलं भांडण आता कागदावर आलं होतं. मोजणीत माझ्याकडे त्यांची जमीन निघाली, तर 'गुरुजींनी बांध खाल्ला' हे वाक्य गावात माझ्यामागं जन्मभर राहणार होतं. मी नोटीस बायकोला दाखवली. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "खाल्ली असेल तर देऊन टाका."

"म्हणजे तुलाही वाटतं मी खाल्ली?"

"मी कुठं मोजलीय?" ती म्हणाली.

मी गावाकडे जाऊन तात्यांना गाठलं. म्हटलं, "तात्या, बोलायचं होतं तर समोर बोलायचं. नोटीस कशाला?" मला वाटलं होतं, भांडतील. ते माझ्याकडे न बघता गोठ्यातलं शेण ओढत राहिले. म्हणाले, "नोटीस पोचली ना? मंग या. टोपी घालून या, ऊन लई आसतंय."

त्यांनी भांडण टाळल्यामुळे मी आणखी घाबरलो. माणूस इतका गोड बोलतोय म्हणजे पुरावा पक्का असणार.

मोजणीच्या दिवशी मी शाळेतून रजा काढून, टोपी घालून हजर झालो. मोजायला एक तरुण बाई आल्या होत्या. एका दांड्यावर बसवलेलं छोटंसं यंत्र त्यांच्याकडे होतं. तात्यांनी त्या यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"मॅडम, ह्याची साखळी कुठं हाय?"

"साखळी नसते आजोबा. हे वरच्या उपग्रहांवरून मोजतं."

तात्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ आभाळात पाहिलं. "तितक्या लांबून त्येला मपली चार बोटं दिसत्यात?"

"दिसतात."

"मंग इतकी सालं त्यो गप कावून बसला?"

मॅडम हसल्या आणि कामाला लागल्या. आधी आमचा बांध. मी एका अंगानं, तात्या दुसऱ्या अंगानं, दोघंही यंत्राच्या मागोमाग. अर्ध्या तासानं मॅडम म्हणाल्या, "हद्द बरोबर आहे. बांध जिथं पाहिजे तिथंच आहे. कुणाचं कुणाकडे काही नाही."

मी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांवर इतकी मेहनत घेतली होती, आणि दोघंही निर्दोष निघालो होतो. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, थोडा अपमानच वाटला.

मी घामेजलेली टोपी काढून निघायच्या बेतात होतो, तोच तात्या मॅडमना म्हणाले, "आता मधला बांध मोजा."

मॅडमनी नकाशा पाहिला. "आजोबा, मधला बांध नकाशात नाही. हे सगळं तुमचंच आहे."

"कागदावर न्हाई, ठावं हाय मला. तरी मोजा. ओढ्याकडचं किती भरतंय तेवढं सांगा."

त्या भल्या होत्या. भर उन्हात परत फिरल्या, तुकड्याचे चारही कोपरे घेतले आणि आकडा वाचला, "शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी हेक्टर."

तात्यांचा चेहरा उतरला. "शून्य?"

"तसं नाही तात्या," मी म्हटलं. कधी नव्हे ते माझं शिक्षण कामाला आलं होतं. मी वहीवर हिशेब मांडला. "अठ्ठ्याऐंशी आर म्हणजे दोन एकर सात गुंठे."

"दोन एकर पाहिजेत. नीट करा."

मी पुन्हा केलं. मॅडमनीही केलं. दोन एकर सात गुंठेच आले. तात्या ओढ्याच्या काठावर लिंबाखाली मटकन बसले. मी घाबरलो, मला वाटलं ऊन लागलं. पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, तांब्या नुसता हातात धरून बसले.

मग ते बोलले. मॅडम आपलं सामान आवरत होत्या, मी समोर उभा होतो, आणि तात्या ओढ्याकडे बघत बोलत होते.

"आमच्या सुभद्रीचं हाय ह्ये. बहीण मपली. बाप गेल्यावर समद्यांनी सांगितलं, बहिणीकडनं हक्कसोड करून घे, रीतच हाय. म्या तिला तहशीलीत नेलं. म्हणलं, सुभे, सही कर, तुझं दोन एकर म्या राखतो. तिच्या नवऱ्याच्या हाती रान लागलं आसतं तर त्यानं इकून टाकलं आसतं. पर तसं तिला तोंडावर कसं सांगावं? तिनं सही केली. लुगडं दिलं, ते तिथंच बाकड्यावर ठिवलं. घरला आली न्हाई. तिथूनच इष्टीत बसून गेली. बावीस सालं झाली. दुसऱ्या दिशी म्या ह्यो बांध घातला."

"आणि दरसाल मोजता."

"मोजतो. मपल्याच नांगराचा मला भरवसा न्हाई, गुरुजी. माणूस आपल्या रानात नांगर धरतो तवा हात आपल्याकडं वढतोच. दरसाली बांध चोपताना मनात यायचं, औंदा तिचं बोटभर आपल्यात आलं आसंल. मंग म्या बांध वीतभर मपल्याकडं सरकवायचो. शंका नको."

"दरसाल?"

"दरसाल."

"अहो, मग मोजताना तुकडा वाढलेला कळला नाही?"

"आकडा वाढायचा. म्या म्हणायचो, काठी झिजली. खडकावर टोक घासतंय, काठी आखूड झाली म्हनून काठ्या जादा बसत्यात. मंग आणिक वीतभर सरकवायचो."

मला हसू आलं, पण हसवेना. या माणसानं आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला होता, पण मांडववाला, ट्रॅक्टरवाला, मी, आम्ही सगळे किरकोळ होतो. खरा चोर म्हणून त्यांनी बावीस वर्षं स्वतःवर पाळत ठेवली होती, आणि त्या पाळतीपायी स्वतःचे सात गुंठे बहिणीच्या तुकड्यात ढकलले होते.

"म्हंजी," ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्या तिचं खाल्लं न्हाई?"

"नाही तात्या."

"बोटभर बी न्हाई?"

"बोटभरही नाही. उलट तुमचंच तिकडं गेलंय."

ते तांब्यातलं पाणी प्यायले, सगळं. मी म्हटलं, आता बांध सात गुंठे मागं घ्या, म्हणजे हिशेब चोख. ते चिडले. "बावीस सालं तिचं म्हनून नांगरलंय. आता काढून घेऊ व्हय? तिचा नवरा गेला मागच्या साली. आता भ्याव न्हाई. म्या तिला बक्षीसपत्र करून देतो, जेवढं भरलं तेवढं. म्हनून तर मोजणी मागितली."

"मग मला कशाला बोलावलंत? मधल्या बांधाचा नि माझा काय संबंध?"

"गावातला कुणीबी आसता तरी मपल्या बाजूनं बोलला आसता. ती मानली नसती. तुमचा मपल्यावर काडीचा इश्वास न्हाई, हे तिच्या सासरापतुर समद्यांना ठावं हाय. तुमी सांगितलं तर खरं वाटंल."

तीस वर्षांच्या नोकरीत मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. एवढं मोठं दुसरं नाही.

त्यांनी बंडीच्या खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. त्यावर एक मोबाइल नंबर होता, सुभद्राबाईंच्या मुलाचा. त्यांनी तो कुठून तरी मिळवला होता आणि कधी लावला नव्हता. मी लावला. सुभद्राबाई मुलासुनेबरोबर ऊसतोडीला लांब कारखान्यावर गेल्या होत्या. मुलानं फोन त्यांच्याकडे दिला. मागं उसाचं पाचट सळसळल्याचा आवाज येत होता. मी फोनचा आवाज मोठा केला, गावाचं नाव सांगितलं आणि माझं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "दादा गेला का?"

"नाही नाही. चांगले आहेत. इथंच बसलेत."

"मंग त्यो कावून बोलत न्हाई? तुमाला कावून बसवलंय?"

मी मोजणीचं सगळं सांगितलं. तात्यांचं मन, बांध, वीतभर सरकवणं, बक्षीसपत्र, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं.

"किती म्हणलात?"

"दोन एकर सात गुंठे."

"बोलणं दोन एकराचं व्हतं. सात गुंठे जादा कशाचे? काय लबाडी हाय त्याच्यात?"

तात्यांचा सगळा चेहरा उजळला. ते माझा दंड धरून म्हणाले, "तीच हाय. सुभीच हाय."

"म्या अशी ऐकून सही करणार न्हाई," बाई म्हणत होत्या. "एकदा केली ती केली. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की म्या येते. मपल्या डोळ्यानं बघते. मंग काय ते."

तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "सुभे, इष्टीनं ये. म्या फाट्यावर थांबतो."

"कोणत्या दिशी येते ते सांगन."

"सांगू नको. म्या रोज थांबन."

मग फोन बंद झाला. मी दुसरीकडे बघत टोपी झटकत बसलो, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या दिवशी मी गावातच राहिलो. कारखाना बंद व्हायला अजून पंधरा-वीस दिवस होते, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेसाठी मी लवकर निघालो, तर फाट्यावर दगडावर लिंबाजीतात्या बसलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका.

मी गाडी थांबवली. "तात्या, आज कसं? पट्टा पडायला अजून लई दिवस आहेत."

"कारखान्यावाल्यांचा काय भरवसा, गुरुजी? आधीबी बंद करत्यात."

मी गाडी बाजूला लावली. शाळेला उशीर झाला, पण पहिली एसटी येऊन जाईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.